काऊनचं कौन

माझ्या पुस्तकावर सिनेमा निघतोय ही बातमी वर्ध्याजवळच्या आमच्या देवळीत पसरली, त्या आठवड्यात मला एकोणीस जणांनी एकच प्रश्न विचारला. "हिरो कोन हाय, मॅडम?" किराणावाल्यानं विचारला, बँकेतल्या शिपायानं विचारला, शेजारच्या यशोदाबाईंनी तर भिंतीवरून ओरडून विचारला. पुस्तक कशावर आहे हे एकानंही विचारलं नाही. हिरो नाही, बारा वर्षांची मुलगी आहे, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा आणि मग तो मलाच धीर द्यायचा. "टाकतीन, मॅडम. पिच्चरवाले टाकतेत बरोबर."

पिच्चरवाल्यांनी दोन टाकले. एक मनोऱ्यातला आणि एक मनोऱ्याबाहेरचा, आणि दोघंही त्या मुलीच्या प्रेमात. त्यासाठी बारा वर्षांच्या मुलीला त्यांनी वीस वर्षांची केली, आणि ती वीस वर्षांची दिसावी म्हणून सत्तावीस वर्षांची नटी घेतली. पण मी आधीच पुढे चालले. सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला चिडायची सवयच आहे. सवय आहेच, पण या वेळी कारणही आहे.

पुस्तकाचं नाव 'भोंग्याचं गाव'. एकशे बारा पानं, मोठा टाइप, आठवी-नववीच्या मुलांसाठी. पुढच्या काळातलं एक गाव आहे आणि तिथे सगळं भोंग्यावर चालतं. उठायचा भोंगा, जेवायचा भोंगा, संध्याकाळी सव्वासहाला हसायचा भोंगा. आणि त्या गावात एका शब्दाला बंदी आहे: काऊन. बाहेरच्यांसाठी सांगते, तुम्ही जिथे 'का' म्हणता तिथे आमच्याकडे 'काऊन' म्हणतात. ज्या पोराच्या तोंडून तो शब्द निघेल, त्याच्या तोंडाला दिवसभर फडकं बांधायचं, असा गावाचा नियम. चिमी नावाची मुलगी एक दिवस भोंग्याच्या मनोऱ्यावर चढते आणि बघते तर वर कोणीच नाही. धूळ बसलेली खुर्ची आणि तारेनं बांधलेलं घड्याळ. भोंगा वाजवणारा माणूस तिच्या आजोबांच्या काळातच मेलेला. भोंगा आपला वाजतोय, गाव आपलं हसतंय, कारण विचारणारं कोणी उरलेलंच नाही. चिमी खाली येते आणि भर चौकात तो शब्द मोठ्यानं उच्चारते. तिथे पुस्तक संपतं.

लोक म्हणतात, काय कल्पना आहे! कल्पना कसली? तोंडाला फडकं मीच बांधलं होतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हाही मराठीच शिकवत होते, सहावीला. तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मुलांना चार उपदेश केले, त्यातला एक असा की मोठी माणसं सांगतील ते मुकाट्यानं ऐकावं. तिसऱ्या बाकावरची मयुरी उभी राहिली. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. तिनं विचारलं, "काऊन?"

साहेब हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, सहावीत आले तरी भाषा हीच का?" माझे कान तापले. माझे वडील लहानूजी स्वतः चौथी शिकलेले, पण त्यांनी मला लहानपणापासून एकच बजावलं होतं, शुद्ध बोल, म्हणजे तुला कोणी कुठून उठवणार नाही. पुढे डी.एड.ला पुण्याला गेले, तिथे पहिल्याच दिवशी मी 'मला'च्या जागी 'मले' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हा गिळलेलं 'मले' मी पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. घरीसुद्धा नाही. माझा नवरा धम्मदीप तहसीलीत लिपिक आहे, तो म्हणतो, "घरात तरी परिपाठ बंद कर, माधवी."

तर त्या दिवशी मी मयुरीला म्हणाले, "काऊन नाही, का म्हणायचं. दहा वेळा म्हण." ती म्हणायला लागली. का, का, का. पाचव्या 'का'ला मागच्या बाकावरून कोणीतरी कावळा झालं, आणि सातव्याला सगळा वर्ग कावळा झाला. साहेब पोट धरून हसले. मी तिला वऱ्हांड्यात उभं केलं आणि साहेबांची जीप जाईपर्यंत आत घेतलं नाही. पुढे दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. गृहपाठ वेळेवर, अक्षर मोत्यासारखं, आणि चार वर्षांत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

ते मला चारही वर्षं दिसत होतं. मी काही बोलले नाही. पुस्तक लिहिलं. पहिल्या पानावर 'मयुरीस' असं छापलं आणि एक प्रत तिला टपालानं पाठवली. ती तोवर वडनेरला डाकघर सांभाळायला लागली होती. तिचं पोस्टकार्ड आलं: 'पुस्तक मिळाले. वाचले. आभारी आहे. आपली विद्यार्थिनी.' एकही अशुद्ध शब्द नाही. मी ते चारदा वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मग सिनेमावाले आले. दिग्दर्शक निशांत, ठाण्याचा, वय तिशीचं, पायात बूट असे की ते काढायला पाच मिनिटं लागली. करारावर मी आधीच सही करून बसले होते. वर ठळक अक्षरांत माझं नाव छापलेलं होतं, ते मी तीनदा वाचलं, खालचं काही वाचलं नाही. धम्मदीपनं वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणून ठेवला होता. निशांतनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मॅम, काय हुक आहे तुमचा! एक मुलगी, एक टॉवर आणि एकच शब्द. कौन! अंगावर काटा येतो."

"काऊन," मी म्हटलं.

"तेच मॅम. कौन."

"अहो, कौन नाही. काऊन. म्हणजे का."

त्यानं गोरसपाक चघळणं थांबवलं. विचारपूस केली तेव्हा कळलं की हे दिग्दर्शकसाहेब इंग्रजी शाळेतले, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. त्याच्या कचेरीतल्या एकानं फोननं पानांचे फोटो काढले आणि फोनलाच त्यांचं हिंदी करायला लावलं. फोन हुशार. त्याला 'काऊन' सापडलं नाही, त्यानं 'कौन' करून टाकलं. मग ते हिंदी आठ जणांनी वाचलं, त्यावर सहा महिने चर्चा केली, आणि एकालाही शंका आली नाही की एखादं गाव 'कोण' विचारायला कशाला बंदी घालेल? ध चा मा झाला तेव्हा निदान एका माणसानं मुद्दाम केला होता. इथे आठ जणांनी मिळून चांगल्या मनानं केला.

मी त्याला समजावलं. मनोऱ्यावर कोणी नाही, हीच गोष्ट आहे, म्हटलं. त्यानं गोरसपाकचा दुसरा तुकडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग तो म्हणाला, "मॅम, खरं सांगू? कौन जास्त चालतं. का-ला चेहरा नसतो. पोस्टरवर काय दाखवणार? कौन म्हटलं की वर कोणीतरी बसलेला पाहिजे. काळा कोट, एक डोळा काचेचा. आणि शेवटी कळतं की तो तिचा बाप आहे!"

धम्मदीपनं माझ्याकडे पाहिलं. निशांत गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "सही करतांनी वाचलं काऊन नाई?"

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. दर महिन्याला निशांतचा फोन, दर फोनला एक नवी खबर. चिमीचं नाव आता अग्निका. सिनेमाचं नाव 'महाज्वाला, भाग पहिला'. एकशे बारा पानांचे दोन भाग! परदेशात अशा पुस्तकांचे असेच सिनेमे निघतात म्हणे, शेवटच्या पुस्तकाचे तर दोन भाग करायचेच असतात. मी म्हटलं, बाबा, माझं पुस्तक पहिलंही एकच आहे आणि शेवटचंही तेच. तो म्हणाला, "म्हणूनच मॅम!" चित्रीकरण हैदराबादला, कारण देवळी गावासारखी दिसत नाही. आणि सगळ्या गावाच्या अंगात कातडी जाकिटं. माझी गोष्ट मे महिन्यात घडते. वर्ध्याच्या मे महिन्यात कातडी जाकीट घालणाऱ्या माणसाला जुलूमशाही लागत नाही, तो तसाच मरतो.

हे सगळं मी सोडून दिलं. बाप दिला, काचेचा डोळा दिला, दोन्ही हिरो दिले. एका गोष्टीवर मात्र अडून बसले. सिनेमा हिंदीत होता, पण मराठी आवाज चढवून आमच्याकडेही लागणार होता. मी निशांतला म्हटलं, हिंदीत तुमचं कौन ठेवा. मराठीत, शेवटच्या प्रसंगात, मनोऱ्यावर उभी राहून ती मुलगी जे ओरडते ते 'काऊन' असू दे. एक शब्द. मला दुसरं काही नको.

"मॅम, लिप सिंकचा प्रॉब्लेम येतो. ओठ एक बोलतात, आवाज दुसरा."

तो फोन ठेवल्यावर मी धम्मदीपला आरशासमोर उभं केलं, स्वतःच्या कानात कापूस घातला आणि त्याला आलटून पालटून कौन आणि काऊन म्हणायला लावलं. वीस वेळा. मला एकदाही फरक ओळखता आला नाही. यशोदाबाई खिडकीतून पाहत होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं की मास्तरणीच्या कानाले काई झालं. मी निशांतला कळवलं: ओठ अगदी तसेच हलतात, देवानं जणू तुमच्या चुकीसाठीच तो शब्द करून ठेवलाय. तो खूश झाला. "ब्रिलियंट, मॅम! काऊन. डन. शब्द दिला."

शब्द दिला, हे ऐकून मी रडले. हसू नका. मला काय हवं होतं ते तुम्हाला आता कळलं असेल. काळोख्या सिनेमागृहात, दोनशे माणसांसमोर, मोठ्या पडद्यावर कोणीतरी तो शब्द ओरडून म्हणावा आणि शेजारच्या खुर्चीत मयुरीनं तो ऐकावा. कोणी हसू नये. मग मला तोंडानं काही सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

मी तिला फोन केला. म्हटलं, वर्ध्याला रविवारी बाराचा खेळ आहे, तू ये. तुझा शब्द आहे त्यात. ती म्हणाली, "येते, मॅडम." वडनेरहून हिंगणघाट, तिथून दुसरी बस करून ती आली. पोपटी कुर्ता, खांद्याला पिशवी, केस आता कापलेले. धम्मदीपनं पॉपकॉर्न घेतले. मी तिच्या आणि त्याच्या मध्ये बसले.

सिनेमाबद्दल मी काय सांगू? पहिल्या दहा मिनिटांत तीन स्फोट झाले. माझ्या गावात फुटण्यासारखं एकच होतं, पाण्याचं टाकं, आणि तेही मी फोडलं नव्हतं. मनोऱ्यातला हिरो आणि मनोऱ्याबाहेरचा हिरो एकमेकांना मारत होते आणि अग्निका मध्ये उभी राहून दोघांचं नाव घेत होती. हसायच्या भोंग्याचा नाच केला होता. नाच! पुस्तकातली सगळ्यात भीतीची तीन पानं, त्यावर चाळीस जण कंबर हलवत होते, आणि मागची पोरं शिट्ट्या मारत होती. धम्मदीप माझा हात थोपटत होता. "जाऊ दे ना, शेवट यायचा हाय अजून." मी मयुरीकडे चोरून पाहत होते. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती माझ्या वर्गातही अशीच बसायची.

मग मनोरा आला. पाऊस, वीज, काळा कोट. अग्निकानं मान वर केली. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ गेला, इतका जवळ की पडद्यावर फक्त ओठ उरले. मी मयुरीचा हात धरला. ओठ उघडले, गोल झाले, मिटायला लागले.

"का?"

आवाज संपला आणि ओठ हलतच राहिले. पुन्हा, "का?" ओठ अजून शब्दाच्या मध्यावर, आवाज कधीच संपलेला. तिसऱ्यांदा "का?" झालं आणि मागच्या रांगेतून कोणीतरी काव-काव केलं. मग दुसऱ्यानं केलं. बघता बघता अर्धं सिनेमागृह कावळा झालं, आणि पडद्यावर ती बिचारी सत्तावीस वर्षांची नटी बिनआवाजाचं तोंड हलवत राहिली.

मयुरीनं हात हळूच सोडवून घेतला.

बाहेर आल्या आल्या, सायकलस्टँडपाशी, मी निशांतला फोन लावला. "मॅम! कसा वाटला? आणि तुमची इच्छा पूर्ण केली हं, कौनचं का करून घेतलं."

"काऊन ठरलं होतं."

"हो, तेच लिहून पाठवलं होतं. डबिंगला एक भाषा तपासणाऱ्या मॅडम असतात, खूप सीनियर. त्या म्हणाल्या, हे अशुद्ध आहे, हिरॉइनच्या तोंडी बरं नाही दिसणार. त्यांनी शुद्ध करून दिलं. अर्थ तर तोच आहे ना, मॅम?"

मग मी जे बोलले ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. त्याला बोलले, आणि त्या न पाहिलेल्या बाईला त्याच्यापेक्षा जास्त बोलले. काय अधिकार आहे तिला? म्हटलं. कुठे तरी गार खोलीत बसायचं आणि दुसऱ्याच्या तोंडातला शब्द काढून आपला कोंबायचा! कोणी दिली हिला छडी? एका मुलीला सगळ्यांसमोर कावळा केलं, आणि वर म्हणते शुद्ध! माणसं वळून बघत होती. निशांतनं कधी फोन ठेवला तेही मला कळलं नाही.

"मॅडम," मयुरी म्हणाली, "त्या बाईले नका बोलू."

मी फोन खाली घेतला.

"तिचं काई चुकलं नाई. तिले कोनीतरी शिकवलं असन. मलेई तुमीच शिकवलं होतं."

ती रागानं बोलली नाही, हजेरी द्यावी तसं बोलली. धम्मदीपनं पॉपकॉर्नच्या रिकाम्या पुड्याची घडी घालायला घेतली. तिची बस पावणेचारला होती, म्हणून आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. इतकं ऊन होतं की मला ती कातडी जाकिटं आठवली आणि पुन्हा राग आला, पण तो राग कोणावर काढावा हे आता मला सापडत नव्हतं. निशांतवर काढला असता, तर त्यानं काऊन लिहून पाठवलंच होतं. त्या बाईवर काढायचा, तर ती मीच होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हिंगणघाटची बस लागलेली होती. कंडक्टर खाली उभा राहून ओरडत होता. मयुरीनं पिशवी खांद्यावर नीट केली आणि नमस्कारासाठी वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले.

"माह्यं चुकलं, मयुरी," मी म्हटलं. "त्या दिवशी माह्यं लय चुकलं. तुले वऱ्हांड्यात उभं करायचं नव्हतं म्या."

धम्मदीपनं मान वर केली. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं माझ्या तोंडून 'तुले' ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या कानालाही ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. उच्चार अडखळला, 'म्या' तर जवळजवळ घशातच राहिलं.

मयुरी सरळ उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तिनं एकदा बसकडे पाहिलं, एकदा सिनेमागृहाच्या दिशेला पाहिलं.

"पुस्तक लिवलं तुमी," ती म्हणाली. "आता तर पिच्चर झाला. देवळीवरून वडनेरले बस बदलून दीड-दोन घंट्यात येता येते, मॅडम. मंग इतके वर्सं हे सांगाले आल्या काऊन नाई?"

सहावीनंतर तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. कंडक्टरनं दार वाजवलं. ती पायरीवर चढली, दांडा धरून वळली.

"डाकघर दहा ते दोन उघडं राह्यते," ती म्हणाली. "येजा एक दिवस."